‘माझो’ गाणारा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. महाभारतातला कर्ण नव्हे. तो दानशूर होता, माझ्याकडे आवाजाशिवाय द्यायला काहीच नाही. मी लाऊडस्पीकरचा कर्णा. पत्र्याचा, तोंडाला रुंद, मागे निमुळता आणि शेपटाशी आवाज काढणारं एक जड युनिट बसवलेला. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे मला कर्णा कुणी म्हणत नाही, सगळे ‘भोंगो’ म्हणतात. तो शब्द उच्चारताना माणसांचं तोंड जसं वाकडं होतं, तशाच नजरेने आयुष्यभर माझ्याकडे पाहिलं गेलं. म्हणून आज मी बोलणार आहे, आणि तक्रारीच्या सुरातच बोलणार आहे. नको असेल तर कानात बोटं घाला. मला त्याची सवय आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा साच्यावर फिरवून माझं तोंड घडवलं, वर राखाडी रंग मारला आणि मला एका दुकानात टांगलं. तिथे एके दिवशी बाबली आला. बाबली मूळचा पेडण्यातल्या हरमलचा. घरची होडी थोरल्या भावाकडे गेली, तेव्हा हा डिचोलीच्या बाजारात मांडव, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढून बसला. दुकानातल्या सगळ्या कर्ण्यांना त्याने बोटाच्या पेराने नारळासारखं वाजवून पाहिलं. माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “ह्यो बरो खणखणीत आसा.” माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. पुढची बरीच वर्षं मला त्याच कौतुकावर काढावी लागली.

कामाला मी कधी नाही म्हटलं नाही. लग्न असो, भजन असो, फुटबॉलची मॅच असो, बाबली मला झाडावर नाही तर बांबूवर चढवायचा आणि मी गावभर ओरडायचो. लोकांना जिलेबी आठवते, नवरीची साडी आठवते, माझी आठवण मात्र कुणी काढत नसे. आवाज कमी पडला तर शिव्या बाबलीला, जास्त झाला तर शिव्या मला.

मग गोव्यात भाषेचं वादळ उठलं. कोंकणी की मराठी, यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला. माझं मात्र काम वाढलं. एका गावात तर सकाळी कोंकणीची सभा आणि संध्याकाळी मराठीची. बाबलीने मधल्या वेळात मला झाडावरून उतरवण्याचीही तसदी घेतली नाही. सकाळचे वक्ते म्हणाले, आमची भाषा आमची आई. संध्याकाळचे वक्तेही तेच म्हणाले. मी दोन्ही आया सारख्याच मोठ्याने गावभर पोचवल्या. कुणीतरी बाबलीला दरडावून विचारलं, “तू कोणाच्या बाजूचो रे?” तो वायर गुंडाळत म्हणाला, “मी वायरीच्या बाजूचो.” पुढे कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात गोवा राज्य झालं. ती बातमीही मीच बाजारात ओरडून सांगितली. पेढे मात्र माझ्या तोंडात कुणी टाकले नाहीत. तोंड एवढं मोठं असून!

आता मी ताराबद्दल सांगतो. हे सगळं बोलणं खरं म्हणजे तिच्यासाठीच आहे.

तारा ही बाबलीची भाची. तिची आई प्रभावती, म्हणजे बाबलीची धाकटी बहीण, लग्न होऊन डिचोलीजवळच्या मुळगावला आली. बाप भिकाजी सावंतवाडीकडचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. आईची हरमलची बोली आणि बापाची सावंतवाडीची बोली, दोन्ही सख्ख्या बहिणी. त्या घरात मराठीसारखं ‘माझा’ कुणी म्हणत नसे आणि कोंकणीसारखं ‘म्हजो’ही कुणी म्हणत नसे. त्या घरात सगळं ‘माझो’ होतं. माझो ताट, माझो पाट... नाही हो, चुकलो, ताट आणि पाट त्यांच्याकडेही ‘माझां’ आणि ‘माझो’ असे नीट वेगळे असतात. माझ्यासारख्या पत्र्याची गल्लत होते एवढंच. पण गळा मात्र ‘माझो गळो’. हे ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण या एका शब्दावरून झालं.

तारा शिकायला म्हापशाला गेली आणि तिथल्या ‘नाइट फेरी’ नावाच्या बँडमध्ये गाऊ लागली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ते इंग्रजी गाणी वाजवत. हुबेहूब रेकॉर्डसारखं गायचं, एवढीच तिची नोकरी. आवाजातली खरखर बाहेर आली की बँडचा म्होरक्या डोळे वटारायचा. बँडमध्ये आग्नेल नावाचा एक बेस गिटारवाला होता. तो तेवढा म्हणायचा की ती खरखर राहू दे.

एकदा हरमलला समुद्राकाठी एका खानावळीच्या उद्घाटनाला ‘नाइट फेरी’ आली होती. मांडव बाबलीचा होता. बँडचे मोठे खोक्याचे स्पीकर खाऱ्या हवेने की कशाने ऐनवेळी मुके झाले. गिटारवाले डोक्याला हात लावून बसले. तेव्हा ताराने तिचा माईक आणून सरळ मला जोडायला लावला. आधी तिने एक इंग्रजी गाणं म्हटलं. ते माझ्यातून गेलं आणि डबा पडल्यासारखं वाजलं. पाहुणे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ताराने डोळे मिटून स्वतःच रचलेलं एक गाणं म्हटलं, जे तोवर कुणी ऐकलंच नव्हतं.

माझो गळो, माझो गळो, धुळीन भरलो गो,
हाक मारूक गेलंय, ट्रक आडो इलो गो.

मित्रांनो, माझ्यात गोडवा नाही. बारीक सूर मी गाळून टाकतो, जाड सूर मला पेलवत नाहीत. मधला चिरत जाणारा भाग तेवढा माझ्यातून बाहेर पडतो. ताराच्या आवाजातही नेमका तोच भाग तिचा होता. जाळी आवरणारे लोक मान वळवून बघू लागले. खुर्च्यांवरचे पाहुणे हसायचे थांबले. उतरवताना बाबली तिला ओरडला, “अगो, भोंगो सभेचो, गाण्याचो न्हय!” तारा म्हणाली, “मामा, माझो आवाज ह्येच्यातना येता तसोच आसा.” आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझी आई मुंबईचा कारखाना नसून हीच मुलगी असावी.

तिने बँड सोडला. एकटी गाणार, स्वतःची गाणी गाणार, आणि माझ्यातूनच गाणार, असं तिने जाहीर केलं. घरी भिकाजीने जेवण टाकलं, पण दुसऱ्या दिवशी भूक लागल्यावर जेवला. काही दिवसांनी आग्नेल गिटार खांद्याला लावून दुकानात हजर झाला. “हांव येतां तुजेवांगडा,” तो म्हणाला. “ह्या भोंग्याक बेस जाय.” म्हणजे तो ताराबरोबर येणार होता आणि माझ्या चिरक्या आवाजाखाली त्याला काहीतरी जड घालायचं होतं. मला अपमान वाटला, पण त्याचं बरोबर होतं. तो म्हणाला की परदेशात अशा गाण्याला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. बाबलीने हिशेबातून डोकं वर काढून विचारलं, “कसलो रोग?” त्या दिवसापासून दुकानात त्या संगीताचं नाव रोगच पडलं. “आज रोग आसा काय?” असं विचारत शेजारचा पाववाला ऐकायला येऊन बसायचा.

तिसरा आला सगुण. पेडण्यातल्या एका दशावतारी कंपनीत तो मृदंग वाजवायचा, पावसाळ्यात रिकामा असायचा. आग्नेल वन टू थ्री फोर मोजायचा आणि सगुण त्याचे बोल म्हणायचा. दोघे एकाच वेळी सुरू व्हायचे आणि कधीच एकाच वेळी संपायचे नाहीत. तारा वैतागून माईक खाली आपटायची आणि तो दणका मला सोसावा लागायचा. “तुमी दोगव एकमेकांचा ऐका रे! मी मधी चेंगारतंय!” ती ओरडायची. शेवटी त्यांना शिकवलं ते रस्त्याने. दुकानासमोरून खनिजाचे ट्रक जात. ट्रक आला की काहीच ऐकू येत नसे, गाणं थांबवावं लागे. एकदा अशा थांबलेल्या जागेत सगुणने नुसता मृदंग चालू ठेवला, ट्रक गेल्यावर आग्नेल त्यात अलगद शिरला आणि तारा त्या दोघांवर स्वार झाली. ‘ट्रक आडो इलो गो’ या ओळीनंतरची ती रिकामी जागा त्यांनी गाण्यात कायमची ठेवली. ते गाणं तयार झालं तेव्हा पाववाला टाळ्या वाजवायचा विसरला. मला वाटलं, झालं, आता आमचे दिवस आले. कसले दिवस आणि कसलं काय!

पणजीत कोंकणी गाण्यांची एक स्पर्धा होती. ताराने नाव दिलं. निवेदकाच्या हातातल्या कागदावर ‘तारा’ आणि पुढे गाण्याचं नाव ‘माझो गळो’ असं होतं. त्या भल्या माणसाने काय वाचलं देव जाणे. आमच्या गोव्यात आडनावं काहीही असू शकतात. त्याने ऐटीत पुकारलं, “आतां गायतली कुमारी तारा माझो!” सभागृह खो खो हसलं. तारा लाल झाली, पण गायली. गायली ती अशी की हसणारेच मागून टाळ्या पिटत होते. निकालात तिचं नाव कुठेच नव्हतं. एक परीक्षक तिच्यापाशी आले. माणूस सज्जन होता, बोलणं मऊ. “बाये, आवाज बरो आसा. पूण ही कोंकणी न्हय, मालवणी. ‘माझो’ न्हय गो, ‘म्हजो’ म्हण.”

तारा म्हणाली, बरं, कोंकणी नाही तर मराठी असेल. मग फोंड्याला मराठी गीतांचा एक महोत्सव झाला, तिथे गेलो. तिथे गाणं संपल्यावर लोक उभे राहिले. आयोजकांनी तिला बाजूला घेतलं. तेही सज्जनच होते. या गोष्टीत दुर्जन एकही नाही, म्हणून तर माझा जास्त संताप होतो. “गाणं फार छान आहे,” ते म्हणाले. “पण ‘माझो’ म्हणजे कोंकणी झाली हो. ‘माझा गळा’ म्हणा, पहिलं बक्षीस तुमचंच.” तारा म्हणाली, “पण आमच्या घरी असंच म्हणतात.” त्यावर ते हसून म्हणाले, “घरी काय, आपण काहीही म्हणतो.”

परतताना टेम्पोने साखळी गाव मागे टाकलं. तारा एकदम म्हणाली, “मामा, दोनय सभांक एकच भोंगो चलता. मगे माझो एक शब्द खंयच कित्याक चलना नाय?” बाबलीने गिअर बदलला. मी मागे आडवा पडून खड्ड्यांवर आपटत होतो. घरी प्रभावतीला कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “शब्द काय तांदळातले खडे आसत, निवडून भायर टाकूक?” ती म्हणाली. “तुझो बापूस, मी, सगळो गाव ‘माझो’ म्हणता. आमी काय मुके?” तारा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. रागानेच रडली.

त्यानंतरची वर्षं म्हणजे नुसती फरफट. आमोण्याला देवळापुढे, हरमलला वाळूत, कुठल्या शाळेच्या मैदानावर, मिळेल तिथे आम्ही गायलो. कोंकणीवाले बोलावत नसत, मराठीवाले बोलावत नसत. जे बोलावत त्यांच्याकडे वीज जाई. वर्तमानपत्रात एकदा दोन ओळी आल्या, त्यात तिला ‘लोकगीत गायिका’ म्हटलं होतं. दुसऱ्यांदा ‘पाश्चात्त्य गायिका’. डिचोलीच्या बाजारात टवाळ पोरं ती दिसली की ओरडत, “माझो इली रे, माझो!” निवेदकाची ती चूक तिच्या मागे भुतासारखी लागली होती. तरीही ती शब्द बदलत नव्हती. मला त्याचा अभिमान वाटे आणि त्याच वेळी तिची कीव येई. दोन्ही खरं सांगतो.

मग एकेक जण गळू लागला. सगुणच्या कंपनीला चांगले दिवस आले, तो बारमाही तिकडेच राहिला. आग्नेल तारवार गेला, म्हणजे मोठ्या बोटीवर नोकरीला. बोटीवरच्या बँडमध्ये त्याला इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवायची होती. जाताना माझ्या तोंडावर थाप मारून म्हणाला, “सांबाळ तिका.” मी काय सांभाळणार? मला कुणी वर टांगलं तर मी बोलणार. बाबलीनेही तोवर माणसाच्या उंचीचे काळे खोक्याचे स्पीकर आणले होते. लग्नात छातीत धडधडलं नाही तर लोकांना पैसे फुकट गेल्यासारखं वाटू लागलं होतं. मी टेम्पोच्या टपावर जाहिरातीपुरता उरलो.

अशात एक दिवस शालिनी दुकानात आली. शालिनी म्हणजे त्या काळी कॅसेटवर गाजणारी गोड गळ्याची गायिका. पणजीत राहायची, दोन्ही भाषांत गायची, दोन्हीकडे तिला मान होता. तिने आमोण्याला ताराचं गाणं ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिने सरळ सांगितलं, दोघींनी मिळून एक कॅसेट करू. एका बाजूला गाणं कोंकणीत, दुसऱ्या बाजूला मराठीत.

“आणि माझो?” ताराने विचारलं.

“ते घरी म्हण,” शालिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, घाई होती. “तारा, शब्द बदल. गाणं तरी वाचेल. नाहीतर ते ह्या भोंग्यातच गंजून जाईल.”

मी तिथेच, तिच्या डोक्यावर टांगलेला होतो! उत्तर द्यायला माझ्याकडे माईकच नव्हता. ताराने रस्त्याकडे मान वळवली. समोरून ट्रक जात होते. तिला दोष मी देत नाही. इतकी वर्षं एकाच दारावर डोकं आपटणाऱ्या माणसाला कुणी खिडकी उघडून दिली तर तो आत जाणारच. तिने होकार दिला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली, तेवढी माया तिने राखली. पण स्टुडिओवाले म्हणाले, भोंगा आत नको. मी दिवसभर बाहेर टेम्पोत उन्हात तापत पडलो. आत काय झालं ते परतताना ती बाबलीला सांगत होती. जीभ सारखी ‘माझो’कडे घसरत होती, म्हणून शालिनीने तिच्याकडून आधी ‘म्हजो, म्हजो’ घोटवून घेतलं, मग ‘माझा, माझा’. पाढे घोटतात तसं. आवाजाची खरखर मशीनवर पुसून काढली. ट्रकसाठी ठेवलेली ती रिकामी जागाही भरली, तिथे बासरी घातली.

कॅसेट चालली. बसमध्ये वाजली, लग्नात वाजली, मांडवीतल्या होड्यांवर वाजली. वेष्टनावर आधी शालिनीचं नाव आणि खाली बारीक अक्षरात ताराचं. तिला मडगावहून, बेळगावहून, कोल्हापूरहून बोलावणी येऊ लागली. इथे म्हजो, तिथे माझा. भिकाजी कॅसेट ट्रकमध्ये लावून मिरवू लागला. आणि माझी दशा काय सांगू! बाबली टेम्पोत तीच कॅसेट घालायचा. माझ्या तोंडातून ताराचाच आवाज यायचा आणि त्यात तारा कुठेच नसायची. तोंड मिटता येत नाही हे कर्ण्याचं सर्वांत मोठं दुःख आहे, ते मला त्या दिवसांत कळलं.

यावर काही वर्षं गेली. मुळगावच्या जत्रेत संध्याकाळी ताराचा कार्यक्रम ठरला. आता ती नावाजलेली गायिका होती, गावाला तिचा अभिमान होता. बाबली मोठे खोके काढायला लागला तेव्हा ती म्हणाली, “मामा, नको ते. भोंगो घाल. आज ‘माझो’ गावया.” बाबलीने मला फडक्याने पुसलं आणि फणसावर चढवलं. सगुण मुद्दाम मृदंग घेऊन आला होता. आग्नेल समुद्रावर होता, त्याचं हुकलं. प्रभावती चटईवर पुढेच बसली होती. मी आनंदाने नुसता हुं करत होतो, तर बाबलीने वायर हलवून मला गप्प केलं.

तारा उभी राहिली. सगुणने ठेका धरला. ती गायली, “म्हजो गळो...” आणि थांबली. लोकांना वाटलं घसा साफ करते आहे. सगुणने ठेका फिरवून पुन्हा आणला. ती गायली, “माझा गळा...” आणि पुन्हा थांबली.

मला कळायला वेळ लागला, पण कळलं. तिला तो शब्द येत नव्हता. इतकी वर्षं इतक्या ठिकाणी ती बदललेलेच शब्द गायली होती की गाण्याच्या त्या जागी जीभ तिकडेच वळत होती. बोलताना येणारा शब्द सुरात येईना. कुणीतरी मागून ओरडलं, “अगो, माझो म्हण, माझो!” लोक प्रेमानेच हसले. तिने तोंड उघडलं. माझ्यातून फक्त तिचा श्वास बाहेर आला, आणि मी तो नेहमीसारखाच गावभर पोचवला. सगुण मान खाली घालून वाजवत राहिला.

मग प्रभावती उठली. ती बाई जन्मात कधी चारचौघांत गायली नव्हती. कमरेवर हात ठेवून, बेसूर, मोठ्या आवाजात तिने म्हटलं, “माझो गळो, माझो गळो, धुळीन भरलो गो!” तिच्या मागून बायकांनी उचललं, मग ड्रायव्हर लोकांनी, मग देवळाच्या सगळ्या अंगणाने. ताराने माईक त्यांच्याकडे धरला. सगळं गाणं मुळगाव गायला, अगदी ट्रकासाठीच्या रिकाम्या जागेसकट. तारा एक शब्दही गायली नाही.

आणि लोक काय म्हणाले सांगू? त्यांना वाटलं, ही मोठ्या गायकांची तऱ्हाच असते. “बघ, कशी लोकांक गावूक लावल्यान!” असं म्हणत ते टाळ्या वाजवत होते. पंचांनी तिला शाल घातली. खरं काय झालं ते तिची आई जाणत होती, सगुण जाणत होता आणि मी. शाल अंगावर घेऊन ती हसली, आणि त्या हसण्याचा मला इतका राग आला की माझा पत्रा थरथरला.

कार्यक्रम संपला. लोक खाज्यांच्या दुकानांकडे पांगले. बाबलीने माझा आवाज वाढवणारं मशीन बंद करून वायर गुंडाळायला घेतली. तारा फणसाच्या मुळावर येऊन बसली, बरोबर माझ्या खाली. प्रभावती तिच्या शेजारी टेकली. तारा हळू आवाजात सूर लावून बघत होती. म्ह... नाही. माझा... नाही. पुन्हा. पुन्हा. प्रभावती तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “घाई नको. खंय जाता तो शब्द? घरचोच तो.” ताराने डोळे मिटले. आणि मग अचानक, जुन्या सगळ्या खरखरीसकट, तिने म्हटलं, “माझो गळो...” पूर्ण ओळ म्हटली. अगदी हरमलच्या वाळूत म्हटली होती तशी. मी वर फणसावर तोंड उघडं ठेवून गावाकडे वळलेलाच होतो. पण मशीन बंद होतं. खाज्यांच्या दुकानापाशी कुणीही मान वळवली नाही.

आज मी बाबलीच्या माळ्यावर उपडा पडलो आहे, आणि पोटात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं आहे. मला पुसा, रंगवा, संग्रहालयात ठेवा, असं मागणं माझं नाही. मित्रांनो, मागणं एवढंच आहे. कुणी माणूस आपल्या घरचा शब्द बोलता बोलता अडला, तर टाळ्या वाजवून उठू नका आणि बटण बंद करू नका. थोडं थांबा. तो बोलेल.